सभाधीटपणा कोणाचा?



‘सभाधीट’ हा मराठीतला एक जुना आणि मार्मिक शब्द आहे. रणात धीट असणारा माणूस वेगळा, अंधारात धीट असणारा वेगळा आणि सभेत धीट असणारा वेगळा, हे ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे. लाठीमारात मागे न हटलेला, तुरुंगाचे पाणी चाखून आलेला कार्यकर्ता वॉर्डाच्या साध्या बैठकीत ‘दोन शब्द बोला’ म्हटल्याबरोबर पांढराफटक पडतो, हे दृश्य कोणत्याही चळवळीला अपरिचित नाही. घशाला कोरड पडते, पायांना कापरे भरते, घरून पाठ करून आणलेले पहिले वाक्यच नेमके आठवत नाही. मग ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सर्व काही सांगितलेच आहे’ या वाक्याचा आधार घेऊन तो खाली बसतो. वाक्य विनयाचे असते, परंतु बहुधा ते खोटे असते. त्याला जे सांगायचे होते ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलेले नसते. त्यांना ते माहीतच नसते.

या भीतीकडे आज सर्वसाधारणपणे एक वैयक्तिक उणीव म्हणून पाहिले जाते. तिच्यावरचा उपाय बाजारात विकत मिळतो. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग, शिबिरे, पुस्तके यांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. या व्यापाराची मुळे शोधायची तर न्यूयॉर्कपर्यंत जावे लागते. तेथे १९१२ साली डेल कार्नेगी याने वाय. एम. सी. ए.मध्ये भाषणकलेचे वर्ग सुरू केले. ज्याला चारचौघांत बोलता येते तो धंद्यात पुढे जातो, हे त्या शिकवणीमागचे गृहीत होते. त्यात चूक काही नाही, बोलणाऱ्याची बोरे विकली जातात हे आपल्याकडेही म्हणतातच. परंतु ज्याच्याकडे विकायला काही नाही आणि तरीही ज्याने बोलणे समाजाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे, अशा माणसाचा विचार त्या वर्गांत होत नाही. तो विचार राजकीय पक्षांनी आणि संघटनांनीच करावयाचा आहे.

मुंबईतच घडलेल्या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन भरले. प्रतिनिधींची संख्याही, गंमत म्हणजे, १८८९ च होती. त्यांत दहा स्त्रिया होत्या. पंडिता रमाबाई, कादंबिनी गांगुली, स्वर्णकुमारी देवी यांच्यासारख्या त्या काळच्या अग्रगण्य विदुषी त्यांत होत्या. त्यांना सभामंडपात बसण्याचा मान मिळाला, ठरावांवर बोलण्याची वा मत देण्याची मुभा मात्र मिळाली नाही. त्याच वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत रमाबाई विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की सभेतील गलबला थांबेपर्यंत त्या शांतपणे उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या की आपला आवाज लहान आहे यात नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधी तुम्ही स्त्रीला कधी दिलीच नाही. संस्कृतच्या पांडित्यामुळे कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या स्त्रीने हे सांगावे, याला विशेष अर्थ आहे. ज्ञान पुरेसे असूनही आवाज पुरेसा नसतो. आवाज हा घशात तयार होत असला तरी त्याची मर्यादा घशाबाहेर ठरते.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, त्याच मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. मागणी एकच होती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. दहा हजारांचा समुदाय, ध्वनिक्षेपक नाही, पाठीशी पदवी नाही, कुळाची प्रतिष्ठा नाही, आणि बोलल्याबद्दल दुसऱ्या दिवशी कामावरून काढून टाकले जाण्याची शक्यता समोर उभी. तरी त्या बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी दुपारी जेवून लवंडणाऱ्या कितीजणांना या दोघींची आठवण होते हा भाग वेगळा.

या स्त्रियांना भीती वाटली नसेल काय? वाटली असणारच. परंतु त्या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे त्या स्वतःच्या अंगावर बेतलेल्या गोष्टीबद्दल बोलत होत्या. पाठ करावे लागेल असे त्यात काही नव्हते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, म्हणजे समोर बसलेले लोक त्यांचेच होते. त्या समुदायापुढे चूक झाली असती तरी ती चूक ठरली नसती. राष्ट्रीय सभेच्या मंडपात विदुषींनाही जे साधू दिले गेले नाही ते रेसकोर्सच्या मैदानावर साधले, ते सभेच्या रचनेमुळे साधले. तेव्हा भीतीचा विचार करताना बोलणाऱ्याच्या छातीतील धडधड जितकी मोजावी तितकीच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही नजर टाकावी लागते.

आधुनिक शास्त्राने ही गोष्ट वेगळ्या मार्गाने सिद्ध केली आहे. जर्मनीतील ट्रियर हे गाव या वाचकवर्गाला कार्ल मार्क्सचे जन्मगाव म्हणून माहीत आहे. मानसशास्त्रात ते दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. माणसावर ताण आणून त्याचे शरीरावरील परिणाम मोजावयाचे असतील तर खात्रीने ताण कसा आणावा, हा संशोधकांपुढील प्रश्न होता. ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली त्याचे जे उत्तर प्रसिद्ध केले ते जगभर वापरले जाते. त्यांनी विजेचा धक्का वापरला नाही, बर्फाचे पाणी वापरले नाही. माणसाला थोडा वेळ तयारीस देऊन एका छोट्या मंडळापुढे उभे करावयाचे आणि पाच मिनिटे भाषण करावयास सांगावयाचे. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करीत मोठ्याने मागे मोजावयास लावावयाचे, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मंडळातील सभासदांना एकच कडक सूचना असते : हसायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काहीही दिसू द्यावयाचे नाही. एवढ्यावर शरीरातील ताणाच्या संप्रेरकाचे, कॉर्टिसॉलचे, प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते.

अशा स्वरूपाच्या २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की नुसत्या अवघड कामाने शरीर इतके हादरत नाही. दुसरे लोक आपले मूल्यमापन करीत आहेत आणि त्याचा निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ते सर्वांत अधिक हादरते. हे वाचून कोणत्याही कार्यकर्त्याला आपल्या जिल्हा मेळाव्याचे व्यासपीठ आठवावे. तेथे खुर्च्यांवर बसलेले ज्येष्ठ नेते नव्या वक्त्याचे भाषण चालू असताना काय करीत असतात? एक कागद चाळतो, एक शेजाऱ्याच्या कानात बोलतो, एक घड्याळ पाहतो, आणि जो ऐकत असतो त्याचा चेहरा ट्रियरच्या मंडळाने हेवा करावा इतका निर्विकार असतो. जर्मन संशोधकांना जे वातावरण मुद्दाम निर्माण करावे लागले ते आपल्या संघटनांनी विनासायास साधले आहे!

याच संशोधनातील आणखी एक निष्कर्ष नवशिक्यांनी जवळ बाळगण्यासारखा आहे. आपली घाबरगुंडी सर्वांना स्पष्ट दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटत असते. प्रत्यक्षात श्रोत्यांना ती त्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच कमी दिसते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही वक्त्यांना ही गोष्ट बोलण्यापूर्वी नुसती समजावून सांगितली, तर त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. आपण घाबरलो आहोत हे दिसेल, याच भीतीने माणूस अधिक घाबरत असतो. हे एक दुष्टचक्र आहे आणि ते कोठे तोडता येते हे कळणे उपयोगाचे आहे.

आता सभाधीटपणा मुळीच नसलेल्या एका माणसाचे उदाहरण पाहू. ते सर्वांना माहीत आहे, पण त्याचा क्रम सहसा नीट पाहिला जात नाही. मोहनदास करमचंद गांधी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. बैठकांना ते नियमित जात, पण तोंड उघडत नसत. एका सभासदाला मतभेदावरून मंडळातून काढण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांना विरोध नोंदवावासा वाटला. म्हणून त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले, आणि तेही दुसऱ्याला वाचावे लागले. व्हेंटनर या गावी त्यांनी भाषण लिहून नेले. ते वाचायला उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि बरोबरच्या स्नेह्याने ते वाचले. १८९१ च्या जूनमध्ये स्वदेशी निघण्यापूर्वी त्यांनी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. तेथे एक विनोदी किस्सा सांगून सुरुवात करावयाचे ठरवून ठेवले होते. तो किस्सा अर्ध्यात विसरला आणि आभाराचे दोन शब्द बोलून त्यांना बसावे लागले. गमतीचा भाग असा की तो किस्साही सभेत बोलताना अडखळलेल्या एका इंग्रज लेखकाचाच होता. मुंबईला परतल्यावर लघुवाद न्यायालयात त्यांनी पहिला खटला घेतला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तर डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवला. त्याने एक्कावन्न रुपये घेतले, आणि गांधी न्यायालयातून बाहेर पडले ते पुढे दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत तेथे फिरकले नाहीत.

हा माणूस १८९३ साली प्रिटोरियात पोहोचतो आणि थोड्याच दिवसांत तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीपुढे भाषण करतो. हे आपले आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, असे पुढे त्यांनीच नमूद केले. वय चोवीसही पूर्ण नव्हते. मधल्या काळात त्यांनी भाषणकलेचा अभ्यास केला नव्हता, तोंडात खडे धरून समुद्राशी झुंजणाऱ्या ग्रीक वक्त्याप्रमाणे कसला सराव केला नव्हता. मग बदलले काय? मॅरित्झबर्गच्या स्थानकावर आगगाडीच्या डब्यातून बाहेर काढले जाण्याचा अनुभव मध्ये घडला होता, हे सर्वजण सांगतात आणि ते खरेच आहे. पण तेवढे पुरेसे नाही. अपमान झालेला माणूस अनेकदा अधिक मुका होतो. बैठक एका व्यापाऱ्याच्या घरी होती, सभागृहात नव्हती. लोक बहुतेक मेमण व्यापारी. विषय होता व्यापारातील सचोटीचा, आणि त्याच्या जोडीला स्वच्छतेचा, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती हे भेद विसरून एक मंडळ स्थापण्याचा. म्हणजे समोरच्यांना रोज भिडणारा विषय, आणि भाषणाच्या शेवटी करावयाच्या कामाची सूचना. ज्यांना इंग्रजी शिकायचे असेल त्यांना शिकवण्याची तयारी त्यांनी तेथेच दाखवली आणि एक न्हावी, एक कारकून व एक किरकोळ दुकानदार असे तीन विद्यार्थी मिळवले. नंतर या बैठका नियमित होऊ लागल्या आणि प्रिटोरियातील एकही हिंदी माणूस त्यांच्या अनोळखीचा राहिला नाही. श्रोते आधी परिचित झाले, मग श्रोते म्हणून त्यांची भीती उरली नाही.

येथे गोष्ट संपली असती तर ती बोधकथा झाली असती. तशी ती संपत नाही. तीन वर्षांनी, २६ सप्टेंबर १८९६ रोजी, मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या पुढाकाराने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावर सभा झाली. मेहतांनी अनुभवी माणसाच्या दूरदृष्टीने भाषण आधी लिहून छापून घ्यावयास सांगितले होते. सभागृह भरलेले, व्यासपीठावर मुंबईचे सर्व मातबर, भाषा इंग्रजी. गांधी वाचू लागले आणि त्यांना कापरे भरले. फिरोजशहा ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ म्हणून धीर देऊ लागले, तसतसा आवाज अधिकच खाली गेला. केशवराव देशपांडे यांनी कागद घेतला. पण सभेला त्यांचा आवाजही पुरेना, आणि ‘वाच्छा, वाच्छा’ असा पुकारा झाला. मग दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचले आणि सभा जिंकली. पुढे १९०१ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेत हेच वाच्छा अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेवरील ठराव मांडण्यास गांधींना पाच मिनिटे मिळाली होती. दोन मिनिटे उरल्याची घंटा वाजली, तीच शेवटची समजून ते खाली बसले.

प्रिटोरियात बोलू शकलेला माणूस मुंबईत का कोसळला, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधून मिळत नाही. स्वभाव तोच होता, विषयही तोच, माहिती तर आता तीन वर्षांनी कितीतरी वाढलेली. बदलली होती ती सभा. एका ठिकाणी बरोबरीची माणसे होती, दुसऱ्या ठिकाणी परीक्षक होते. भित्रेपणाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकवली असे गांधींनी आत्मचरित्रात म्हटले आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही काटकसर विशेष भावते. पुढील आयुष्यात त्यांनी सभा जिंकण्याची विद्या आत्मसात केलीच नाही. त्यांनी सभाच बदलून टाकली. बसून, खालच्या आवाजात, लोकांच्या भाषेत बोलावयाचे, आणि ते ऐकण्यासाठी लाखोंनी शांत बसावयाचे, असा नवा प्रघात पडला. फिरोजशहांच्या मुंबईत जो आवाज पुरत नव्हता तोच चंपारणात पुरला.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे अधिक टोकदार आहे. इंग्रजीची भीती दूरची झाली. मराठी माणसाला मराठीत बोलण्याची भीती वाटते, ही खरी नामुष्कीची बाब आहे. ‘ण’ च्या जागी ‘न’ आला की पहिल्या दोन रांगांतून जे सूक्ष्म हसू उमटते, त्याने किती माणसे कायमची गप्प केली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शुद्धलेखनाची चूक कागदावर राहते आणि खोडता येते. उच्चाराची तथाकथित चूक माणसाच्या जातीचा आणि गावाचा पत्ता सांगून मोकळी होते. क्रांतिसिंह नाना पाटलांनी हा धाक मानलाच नाही. शेतकऱ्याच्या रांगड्या बोलीत त्यांनी हजारोंच्या सभा जिंकल्या, आणि त्याच बोलीच्या बळावर १९५७ साली सातारा व १९६७ साली बीड येथून ते लोकसभेत गेले. गाडगेबाबांची रीत त्याहून वेगळी आणि या विषयाच्या दृष्टीने फार शिकण्यासारखी होती. त्यांचे कीर्तन हे बव्हंशी प्रश्नोत्तर असे. ते विचारीत आणि समुदाय उत्तर देई. साधे, एका शब्दाचे उत्तर, होय किंवा नाही. पण चार हजारांत बसलेल्या ज्या माणसाने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडले नव्हते, त्याच्या तोंडून त्या रात्री आवाज निघे. सभेत बोलण्याची ती पहिली इयत्ता होय. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हेच काम पुढच्या इयत्तांपर्यंत नेले. सोंगाड्याचे काम केलेला पोरगा उद्या गावकीपुढे उभा राहावयास भीत नाही, कारण हजार लोकांची नजर त्याने आधीच पचवलेली असते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची जी अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पंचवीस हजारांवर स्त्रिया जमल्याचे सांगितले जाते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या व विडी कारखान्यांतील स्त्री कामगारांना रजा, असे ठराव तेथे स्त्रियांनीच मांडले. या चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात एकत्र केल्या आहेत. भाषण ही व्यक्तीची कला आहे असे मानणाऱ्याने तो वाचावा.

या सर्वाला आज निकडीचे स्वरूप का आले आहे, हे थोडे आर्थिक परिभाषेत सांगावे लागेल. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटे पण मर्मभेदी पुस्तक लिहिले. कोणतीही संस्था वा सेवा खालावू लागली म्हणजे तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. एक, निघून जाणे. दुसरा, तेथेच राहून आवाज उठवणे. अर्थशास्त्राने पहिल्याचाच विचार केला आणि दुसरा राज्यशास्त्रावर सोडून दिला, ही त्याची तक्रार. नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण त्याने घेतले. रेल्वे खालावली तेव्हा ज्यांच्याकडे तक्रार करण्याची ताकद होती ते ग्राहक मालमोटारींकडे वळले. रेल्वेला त्याचे काही वाटले नाही, कारण ओरडणारेच निघून गेले होते. हे वाचताना नगरपालिकेच्या शाळा आठवू नयेत तरच नवल. ज्या पालकांना मुख्याध्यापकापुढे उभे राहून बोलता येत होते त्यांनी मुले काढून घेतली. मागे राहिलेल्यांना पालकसभेत बोलावयाची भीती वाटते, आणि शाळा खालावत जाते. गावाचेही तेच. पाणी नाही, काम नाही, तर बोलू शकणारा तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतो. स्थलांतराची कारणे पावसाच्या आकड्यांत आणि पिकांच्या भावांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु आवाज बंद असणे हेही त्यातले एक कारण आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

कायद्याने आता बोलण्याच्या जागा निर्माण केल्या आहेत, आणि तेथेच न बोलण्याची किंमत रोकडी मोजावी लागते. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार अनेक प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवसांची नोटीस हवी, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी हवा, उपस्थित असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पाबद्दल माहिती व खुलासा विचारण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि शेवटी झालेल्या कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवला पाहिजे. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात मंडपाच्या कडेने पोलीस उभे असतात, व्यासपीठावर साहेब बसलेले असतात, कंपनीचा माणूस पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतो, आणि ज्याची विहीर आटणार आहे तो शेतकरी ध्वनिक्षेपकाकडे पाहत मागच्या रांगेत उभा असतो. तो बोलला नाही तर त्याची विहीर इतिवृत्तात येत नाही. अधिसूचनेत गणसंख्येची अट नाही, म्हणजे लोक गप्प राहिले वा आलेच नाहीत तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. लेखी हरकती देता येतात हे खरे, आणि ज्याला बोलणे शक्यच नाही त्याने त्या द्याव्यात. लंडनमधल्या गांधींनी तेच केले. परंतु शंभर लेखी हरकती आणि मंडपात उभे राहून प्रश्न विचारणारे दहा शेतकरी यांचे वजन सारखे नसते, हे अधिकाऱ्यांनाही कळते.

पंचायतीचे तसेच. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. लोखंड्यांच्या सभेचीही तारीख तीच होती हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्याजोगा. महाराष्ट्राने २०११ साली पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. तरी सरपंचबाई खुर्चीवर आणि बोलणारे यजमान शेजारी, हा प्रकार संपलेला नाही. त्यावर विनोद पुष्कळ झाले. उपाय मात्र कायद्यातच लिहून ठेवलेला आहे : ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी. या तरतुदीकडे औपचारिकता म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती प्रिटोरियातली बैठक आहे. मोठ्या सभेत जे बोलावयाचे ते आधी आपल्या माणसांत बोलून पाहावे, कोणी काय विचारील ते तेथेच ऐकून घ्यावे, आणि मग दोघी-तिघींनी मिळून उभे राहावे. एकटीने उभे राहणे हे शौर्य आहे. तिघींनी उभे राहणे ही व्यवस्था आहे, आणि संघटनेने शौर्याच्या भरवशावर राहू नये.

संघटनेने काय करावे हे यातून बरेचसे आपोआप निघते. नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच दिवशी महागाईवर अर्धा तास बोलावयास लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि श्रोत्यांवरही. ठरावाला अनुमोदन, पाहुण्यांचा परिचय, शाखेच्या अहवालाचे वाचन, आभार, ही कामे ज्येष्ठांनी अडवून ठेवण्याची काहीच गरज नाही. आभाराचे काम तर नवशिक्यासाठीच निर्माण झाले असावे इतके सोयीचे आहे, फक्त नावांची यादी हातात असावी आणि ती लिहून आणल्याबद्दल कोणी हसू नये. बोलणाऱ्याने आपल्या रेशन दुकानाबद्दल, आपल्या बांधावरच्या विजेच्या पंपाबद्दल बोलावे, जागतिक परिस्थिती इतरांवर सोपवावी. पहिले वाक्य लिहून पाठ करावे, शेवटचेही करावे, मधले करू नये. पाठ केलेल्या मजकुराची साखळी एकदा तुटली की सगळेच हरवते, आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टीचे तसे होत नाही. बोलताना पाणी प्यायला थांबण्यात कमीपणा मानू नये. श्रोत्यांत आपल्या शाखेचे दोनतीन लोक समोरच बसवावेत आणि त्यांनी मान डोलवावी. ही लबाडी नव्हे. ट्रियरच्या मंडळाच्या नेमके उलट मंडळ आपण निर्माण करीत आहोत एवढेच.

वक्त्यांचा क्रमही बदलावा लागेल. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना सभेच्या शेवटी, लोक चपला शोधू लागल्यावर ‘वेळेअभावी थोडक्यात’ बोलावयास सांगण्याची रीत सर्वत्र आहे. त्यांना आधी बोलू द्यावे आणि नेत्यांनी नंतर. नेत्याच्या घणाघाती भाषणानंतर उभे राहावयास अनुभवी माणूसही कचरतो, नवख्याची काय कथा. अध्यक्षांनी घंटा वाजवण्यापूर्वी ती कशाची घंटा आहे हे सांगून ठेवावे. १९०१ मध्ये एवढे सांगितले असते तर दोन मिनिटे वाचली असती.

आणखी एक साधी गोष्ट. प्रत्येक शाखा इतिवृत्त ठेवते. त्यात ठराव असतात, उपस्थिती असते. त्यात प्रत्येक बैठकीत कोण कोण बोलले त्यांची नावेही लिहावीत, पुरुष किती, स्त्रिया किती, पहिल्यांदाच बोलणारे किती. वर्षअखेरच्या सभेत जमाखर्च वाचला जातो, त्याच्या पाठोपाठ ही यादीही वाचावी. बारा महिने तीच पाच नावे निघाली, तर कार्यकारिणीची पुढील बैठक त्या पाचजणांनी फक्त ऐकण्यासाठी घ्यावी, आणि त्या दिवशी व्यासपीठ मांडू नये, सतरंजी अंथरावी.